कोकणच्या दमट हवेत एअर रायफलचा सिलिंडर कसा भरावा, वेग कसा तपासावा

१० मीटर एअर रायफलच्या फलकावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. छर्रा साधारण सेकंदाला १७५ मीटर वेगाने निघतो आणि फलकापर्यंत पोचेतो सुमारे १६ मिलिमीटर खाली येतो. वेग १६५ झाला तर तो १८ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे हात, श्वास, नेम सगळं बिनचूक असूनही पाऊण गुण गेला. म्हणून नव्या नेमबाजांना मी एकच सांगतो, वेग वाढवायच्या मागे लागू नका, तो प्रत्येक वेळी सारखा कसा येईल ते बघा.

छर्र्याला ढकलते ती रायफलच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा, आणि आपल्याकडे यात आडवी येते ती हवाच. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, आणि पावसाळ्यात रत्नागिरीची हवा त्या मर्यादेच्या जवळपासच असते. रायफल भरायच्या तीन लिटरच्या टाकीत २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट दाबाने हवा भरली म्हणजे बाहेरची सुमारे ६०० लिटर हवा आत कोंबली. त्यातलं जवळपास तीन चमचे पाणी कुठेतरी साचणारच. मी एका जुलैत पडवीत बसून हातपंपाने रायफल भरत होतो. गणपतीपर्यंत छर्रे खाली पडायला लागले. दुरुस्तीला दिली, तर आतल्या व्हॉल्व्हवर तांबूस गंज चढलेला. चूक सर्वस्वी माझी होती.

त्यामुळे भरण्याआधी हवा कुठून घ्यायची ते ठरवा. सगळ्यात चांगली म्हणजे पाणबुड्यांच्या टाकीतली साधी हवा. ती श्वासासाठी असल्यामुळे गाळलेली आणि कोरडी केलेली असते. मालवण-तारकर्लीच्या बाजूला राहणाऱ्यांना स्कूबा डायव्हिंगमुळे ही सोय जवळच आहे. मात्र मागताना ‘साधी हवा’ असं स्पष्ट सांगा. ऑक्सिजन किंवा ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण रायफलमध्ये कधीही घालायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आला की आत पेट घेतो, सिलिंडर फुटतो. याच कारणाने झडपांना आणि ओ-रिंगना (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांना) घरातलं शिवणयंत्राचं तेल लावू नका. उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकं. हातपंपच वापरायचा असेल तर त्याला हवा कोरडी करणारा फिल्टर जोडा आणि पन्नासेक दट्टे मारले की पंप थंड होऊ द्या.

आता सिलिंडर हातात घ्या. त्यावर कोरलेली तारीख आणि कमाल दाब वाचा. पोचा, खोल ओरखडा किंवा आट्यांवर गंज दिसला तर भरू नका. जोडणी घट्ट करून टाकीची चावी अगदी सावकाश उघडा. भसकन भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो, आणि थंड झाल्यावर १८० वर उतरतो. मग माणसाला वाटतं अजून थोडं भरावं. लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर एक बारसुद्धा जायचं नाही. भरून झालं की नळीतली हवा सोडा आणि मगच जोडणी काढा. दाब असताना कोणताही स्क्रू सैल करायचा नाही.

जास्त दाब म्हणजे जास्त वेग, हा समज इथेच सोडा. रेग्युलेटर, म्हणजे दर वेळी सारख्याच दाबाने हवा पुढे सोडणारा भाग, नसलेल्या रायफलमध्ये दाब फार वाढला की आतल्या हातोडीला व्हॉल्व्ह पुरेसा उघडता येत नाही, हवा कमी सुटते आणि वेग उलट घटतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, लावा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून एकेक छर्रा मारत वहीत दाब आणि वेग शेजारीशेजारी लिहा. सुरुवातीला वेग चढेल, मग बराच वेळ जवळपास स्थिर राहील, शेवटी घसरेल. तो मधला सपाट टप्पा हाच तुमच्या रायफलचा दाब. पुढच्या वेळी तिथपर्यंतच भरा आणि घसरण सुरू होण्याआधी थांबा. सामन्याच्या रायफलींना रेग्युलेटर असतो, त्यांत हा टप्पा लांब मिळतो. रेग्युलेटरचा स्क्रू मात्र घरी फिरवू नका. वेग कमी-जास्त येत असेल तर रायफल जाणकाराकडे न्या.

चाचणीभर छर्रे एकाच डब्यातले घ्या. सामन्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तसे छर्रे बाजूला काढा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

माझ्या घरी माजघरातून पडवीच्या टोकापर्यंत बरोबर दहा मीटर मिळतात. फलकामागे पोलादी पेटी आहे आणि सराव चालू असताना पडवीचं दार आतून लावलेलं असतं. तुमच्याकडेही तेवढी व्यवस्था झाल्याशिवाय क्रोनोग्राफ मांडू नका. सामन्यांच्या नियमांप्रमाणे सिलिंडर बनवल्यापासून दहा वर्षांपर्यंतच चालतो. खाऱ्या वाऱ्यात असलेला मी त्याआधीही दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुसून, आटे बघून घेतो.