टायमिंग लाइट घेताना आणि वापरताना या चुका टाळा

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर जपणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतं, "टायमिंग कानानं लावलंय." टायमिंग म्हणजे प्लगवर ठिणगी नेमकी कधी पडते ते. ती ठिणगी प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवायचा आणि इंजिन सगळ्यांत जोरात पळेल तिथं बोल्ट आवळायचा. पण आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना संथ चालीवर, इंजिनाला जास्त अ‍ॅडव्हान्स, म्हणजे लवकर पडणारी ठिणगी, मानवतो. तोच अ‍ॅडव्हान्स भरल्या गाडीला घाटात नॉकिंग (इंजिनातली ठकठक) करायला लावतो. सतत नॉकिंग झालं की पिस्टन जातो. म्हणून कानावर विसंबू नका.

१२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प स्वस्त आणि कामाचा. एक टोक ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. स्विच ऑन करून इंजिन हातानं फिरवा. बल्ब लागला की पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच) उघडले, म्हणजे ठिणगीचा क्षण हाच. इंजिन उघडून परत बांधल्यावर गाडी सुरू करायला एवढं पुरे. मात्र चालत्या इंजिनात अ‍ॅडव्हान्स किती वाढतो, वेगाबरोबर तो वाढवणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अडकतात का, हे तो दाखवत नाही. तिथं स्ट्रोबचा, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकून फिरत्या पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा थांबल्यासारख्या दाखवणारा टायमिंग लाइटच हवा.

घेताना निऑनचा घेऊ नका, दिवसा त्याचा उजेड दिसतच नाही. झेनॉनचा घ्या, एक नंबरच्या प्लग वायरवर नुसता क्लॅम्प बसणारा. क्लॅम्पवरचा बाण प्लगकडे हवा. अ‍ॅडव्हान्स मोजायची डायल असलेल्या महागड्या लाइटची भुरळ पडते, पण पुलीवर खुणा स्पष्ट असतील तर माझं मत साध्यालाच. खुणा आधी घासून खडूनं पांढऱ्या करा.

सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो उलट्या क्रमामुळे. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही सरकतं. त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) फसवतो, कारण पट्टी खड्ड्याच्या तळाला टेकत नाही. अशा वेळी पॉइंट किती काळ बंद राहतात ते मोजणारा डवेल मीटर लावा, नाहीतर सरळ नवे पॉइंट घाला. मग मॅन्युअल सांगत असेल तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडल सांगितल्या आरपीएमवर आणा. आयडल जास्त असेल तर वजनांचा अ‍ॅडव्हान्सही मापात मिसळतो.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या आताच्या गाड्यांसाठी हा लाइट घेऊ नका. तिथं टायमिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, तो वाचणारा स्कॅनर हवा.

आणि एक फार महत्त्वाचं: स्ट्रोबच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो. वायर, ओढणी, सैल बाही त्याच्यापासून लांब ठेवा.