महसीर गळाला लागला तर जिवंत परत कसा सोडायचा

मुंबईतून वीकेंडला रॉड घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी महसीर, म्हणजे नदीतला तो मोठा, ताकदवान मासा, लागावा असं वाटतंच. जरूर प्रयत्न करा, पण धरणं, वाळूउपसा आणि जिलेटिनचे बार यांनी नद्यांमधले महसीर खूप कमी केलेत, हिमालयातला सोनेरी महसीर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे, आणि कावेरीतला कुबडाचा महसीर तर नामशेष व्हायच्या काठावर आहे. आपल्या सह्याद्रीतल्या महसीरची पिल्लं टाटा पॉवर लोणावळ्याला वळवणला १९७० च्या दशकापासून वाढवतंय. त्यामुळे हा मासा घरी आणायचा विषयच नाही.

पावसाळ्यात रॉड घरीच ठेवा. आपण सगळे तेव्हाच फिरायला निघतो हे खरंय, पण मादी अंडी घालायला वरच्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात चढते ती त्याच दिवसांत. आणि वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे, महाडजवळचं वाळण कोंड असे देवाचे डोह आहेत, लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेले, तिथे गळ टाकायचा नाही म्हणजे नाही. बाकी ठिकाणी आधी रीतसर परवानगी काढा.

नवीन असाल तर पवई तलावावर एखाद्या जाणकाराबरोबर रोहू-कटल्यावर हात बसवा, तिथे मगरी आहेत तेव्हा पाण्यात पाय सोडून बसू नका.

हुक सिंगल हवा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, स्पूनला (चमच्यासारखं धातूचं नकली आमिष) तीन तोंडांचा हुक असेल तर तो काढून सिंगल लावा. लाइन जाडच घ्या, बारीक लाइनवर मासा दमवत बसायला मजा येते पण तो इतका थकतो की सोडल्यावरही मरू शकतो. आमिषाला नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा बेस्ट.

आता मेन गोष्ट. मासा जवळ आला की हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. नेट रबराचं असावं आणि मासा नेटमध्येच, पाण्यातच ठेवून हुक काढा. महसीरचे ओठ जाड, मांसल असतात, जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, खेकडे-गोगलगायी चुरडणारे, म्हणून बोट आत घालू नका, हुक खोल गेला असेल तर लाइन तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. कल्ल्यात बोटं घालून लटकवून फोटो तर अजिबात नको. मित्राला कॅमेरा आधी तयार ठेवायला सांगा, एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, पटकन उचला, क्लिक, परत पाण्यात.

सोडताना नदीत तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून नुसता आधार द्या, पुढेमागे हलवू नका. कल्ले नीट चालायला लागले आणि शेपटीने हाताला जोरात हिसका दिला की सोडा, कलंडला तर परत धरा, कितीही वेळ लागो. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेलं असतं, ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा पहाटेच गळ टाका आणि ऊन चढलं की गुंडाळा.