शुभेच्छुकांचे गोल: चेहरा बरोब्बर मधोमध कसा कापायचा

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा फोटो बसवणं सोपं असतं. खरं काम खालच्या रांगेत, शुभेच्छुकांच्या गोलांत. कुणी लग्नातला ग्रुप फोटो पाठवतो, कुणी गाडीतला सेल्फी. एकाचे डोळे गोलात वर, दुसऱ्याचे खाली झाले की रांग वेडीवाकडी दिसते. आणि शेजाऱ्यापेक्षा आपला चेहरा लहान आलाय, हे ज्याचं त्याला लगेच कळतं. म्हणून मी अंदाजाने चौकट ओढत नाही. आधी मध्यबिंदू ठरवायचा, मग कापायचं.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर पिक्सेल कमी होऊन येतात. फोटोत चेहरा आडवा पडलेला असेल तर आधी फिरवून उभा करा. नंतर फिरवलात तर मोजलेले आकडे वाया.

माझा मध्यबिंदू म्हणजे नाकाचं मूळ, दोन डोळ्यांच्या मधोमध. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, त्यामुळे वर-खाली सारखी जागा सुटते. हनुवटीपासून डोक्यावरच्या केसांच्या वरच्या टोकापर्यंत जेवढे पिक्सेल भरतील, त्याच्या दुप्पट चौकोनाची बाजू. फेटेवाला असेल तर बिंदू कपाळावर सरकवतो. डोळे रांगेच्या किंचित खाली जातात, पण ते चालतं. फेटा कापला गेला तर मात्र फोन येतो.

फोटो कापायला मी जिंप हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. शिफ्ट-सी दाबून क्रॉप टूल घ्या. ऑप्शन्समध्ये 'एक्स्पांड फ्रॉम सेंटर' वर टिक करा, 'फिक्स्ड' मध्ये ॲस्पेक्ट रेशो 1:1 द्या. आता नाकाच्या मुळावर माउस दाबून बाहेर ओढा. चौकोन चारी बाजूंनी सारखा वाढतो. एंटर.

बरेच फोटो असतील तर मी आकडेच टाइप करतो. माउस बिंदूवर नेला की खिडकीच्या तळाशी डावीकडे त्याची जागा दिसते. समजा फोटो 4000 बाय 3000, बिंदू 2600, 900 वर आणि चेहरा 500 पिक्सेल उंच. बाजू 1000, निम्मी 500. डावी कड 2600 वजा 500, म्हणजे 2100. वरची 900 वजा 500, म्हणजे 400. 'पोझिशन' मध्ये 2100 आणि 400, 'साइझ' मध्ये 1000, 1000. मोजणी डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून होते आणि खाली जाताना आकडा वाढतो, एवढं ध्यानात ठेवा.

गोची होते ती कडेला उभ्या असलेल्याची. त्याचा बिंदू 300, 900 वर असेल तर डावी कड उणे 200 येते. चौकोन उजवीकडे सरकवला तर चेहरा मधून हलतो. निम्मी बाजू 300 वर आणली तर चेहरा मधोमध राहतो, पण बाकीच्यांपेक्षा मोठा दिसतो, आणि मग इतरांचे फोन. मी 'इमेज' मेनूतून 'कॅनव्हास साइझ' उघडतो, रुंदी 4200 करतो, एक्स ऑफसेट 200 देतो आणि 'रिसाइझ लेयर्स' मध्ये 'ऑल लेयर्स' निवडतो. डावीकडे कोरी पट्टी मिळते; ती क्लोन टूलने मागच्या भिंतीचा रंग घेऊन भरायची. आता बिंदू 300 वर नाही, 500 वर आहे. हिशेब त्यावरून करा.

सगळे चौकोन 600 बाय 600 वर आणा. सहा इंची गोलाला फ्लेक्सवर तेवढे पुरतात. पुढे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवरक्लिप करून, म्हणजे फोटो आकाराच्या आत बसवून, गोलात टाकले की झालं.