घसा, नाक आणि कान एकदम धरलंय? कशामुळे ते असं बघा

सगळ्यात आधी, कानात लसणाचं गरम तेल घालू नका प्लीज. घरोघरी घालतात, पण घसा दुखतोय, नाक चोंदलंय आणि कानही ठणकतोय असं तिन्ही एकदम असेल तर मूळ बहुतेक वेळा कानात नसतंच, आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरून दुखणं वाढतं.

होतं काय, तर नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. सर्दीने ती सुजली की कानाला दडे बसतात, आवंढा गिळताना टकटक वाजतं, मग ठणका लागतो. शिवाय टॉन्सिलची आणि कानाची एक नस सामाईक आहे, त्यामुळे घसा सुजला की कान ठणठणीत असला तरी कळ कानात जाते.

आता आधी कानाची पाळी हळूच ओढा, भोकापुढचा तो छोटा उंचवटा दाबा. याने जोरात दुखलं तर इन्फेक्शन बाहेरच्या कानात असू शकतं, पावसाळ्यात बुरशीही होते, तिला खाज जास्त. नाही दुखलं तर मोबाईलचा टॉर्च लावून आरशात घसा बघा. नाक वाहतंय, खोकला आहे, घसा नुसता लालसर आहे, तर बहुतेक व्हायरल सर्दीच, ती ७ ते १० दिवसांत जाते आणि तिला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पण खोकला-सर्दी नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी, विशेषतः ५ ते १५ वयाच्या मुलांमध्ये, तर स्ट्रेप, म्हणजे घशाचं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, असू शकतो, तो डॉक्टरांना दाखवाच, कारण अर्धवट सोडला तर पुढे ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. १० दिवस उलटले तरी गाल-कपाळ जड, वाकलं की दुखतं, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर सायनस. ताप नाही, नुसत्या शिंका आणि डोळ्यांना खाज, तर ॲलर्जी.

तोवर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, दुखण्याला पॅरासिटामॉल, नाकात सलाईनचे थेंब. नाक मोकळं करणारे औषधी थेंब मात्र ३ ते ५ दिवसांच्या वर नको, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. नाक शिंकरताना जोर लावू नका.

तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वास लागतोय, कानामागे सूज आलीय, तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. कानातून पू आला तर त्याच दिवशी ईएनटीकडे.

आणि तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सिगरेट असेल आणि एकाच बाजूचा घसा-कान ३ आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर ती सर्दी समजू नका, घशाचा किंवा जिभेच्या मागचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो. कान नॉर्मल आहे म्हणून परत पाठवलं तरी जिभेचा मागचा भाग आणि घसा दुर्बिणीने बघा असं स्वतःहून सांगा.