बचावात्मक फुटबॉल प्रशिक्षकाची थोरवी कशी ठरवावी

विजय हजारे १९४८मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढून खिंड लढवत राहिले, आणि त्यांच्या त्या संयमाचे बडोद्यात आजही आदराने स्मरण होते. त्याच बडोद्यात दांडिया बाजारातली आमची मराठी मंडळी रात्री जागून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग ही फुटबॉल स्पर्धा पाहताना प्रशिक्षक दिएगो सिमिओनेचा ॲटलेटिको माद्रिद संघ आपल्या गोलपुढे दाटीने उभा राहिला की नाक मुरडतात. हा न्याय मला पटत नाही, म्हणून अशा प्रशिक्षकाची पारख कशी करावी ते येथे मांडतो.

आधी त्याच्या हाती कोणते खेळाडू होते ते पाहावे. ओटो रेहागेल यांच्या ग्रीसने २००४च्या युरो स्पर्धेपूर्वी कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही सामना जिंकला नव्हता. त्या संघाने फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि यजमान पोर्तुगाल या तिघांना ओळीने १-० असे हरवले आणि तिन्ही गोल हेडरने केले. हा केवळ नशिबाचा खेळ म्हणावा, तर याच रेहागेल यांनी १९९८मध्ये नुकत्याच वरच्या श्रेणीत आलेल्या कायझर्सलॉटर्नला जर्मनीचे विजेतेपद मिळवून दिले होते.

त्यानंतर एक पूर्ण सामना चेंडूवरची नजर काढून पाहावा. माझ्या मते पारखीचा खरा गाभा हाच आहे. चेंडू एका बाजूला गेला की मधली फळी आणि बचावफळी मिळून त्या बाजूला सरकतात का, दोन फळ्यांमधले अंतर थकव्यातही तेवढेच राहते का, आणि चेंडू हिसकावल्यावर पहिला पास कोणाकडे जायचा हे आधीच ठरलेले दिसते का, हे तपासावे. भेदरून मागे हटलेल्या संघात हे काहीच दिसत नाही. २०१०च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाच्या मैदानावर थिआगो मोट्टाला लाल कार्ड मिळाल्यावर प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या इंटर या इटालियन क्लबने तासभर दहा जणांनिशी किल्ला लढवला, आणि सॅम्युएल एतोसारखा आघाडीवीर बचावपटूच्या जागी राबला. एवढ्या मोठ्या खेळाडूला असे काम मनापासून करायला लावणे, ही मी प्रशिक्षकाची सर्वांत अवघड कमाई मानतो.

आक्रमणाचा हिशेबही सोडू नये. मोरिन्यो यांच्या चेल्सीने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००४-०५च्या ३८ सामन्यांत फक्त १५ गोल स्वीकारले, पण ७२ गोल केलेही होते. उलट, महागडे खेळाडू हाताशी असूनही जो केवळ बरोबरीसाठी खेळतो त्याचे गुण कापावेत. मँचेस्टर युनायटेडमधल्या शेवटच्या हंगामाबद्दल मी मोरिन्यो यांचे कापतो.

शेवटी, बेत फसल्यावर त्याच्याकडे दुसरा उपाय होता का, हे विचारावे. १९६७च्या युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात हेलेनियो हेरेरा यांचे इंटर पेनल्टीवर लवकर पुढे गेले, मग मागेच दबून राहिले आणि सेल्टिककडून २-१ असे हरले. तेथे हेरेरा उणे पडले, असे मी स्पष्ट म्हणतो; तरी १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोनदा तोच कप जिंकणाऱ्या या प्रशिक्षकाला थोरांच्या पंगतीतून उठवायला मी तयार नाही.