मोनोरेपोतून पहिलं पॅकेज पब्लिश करताय? आधी टारबॉल उघडा

पॅकेज तुमच्या मशीनवर चालतंय, सीआय (आपोआप चालणारे बिल्ड आणि टेस्ट) हिरवं आहे, पीआर मर्ज झालाय. तरी ते रजिस्ट्रीवरून (सगळे जिथून पॅकेजेस डाउनलोड करतात त्या सर्व्हरवरून) इन्स्टॉल होईल की नाही हे यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. अंधेरी, पवई, ऐरोलीच्या ऑफिसांत पहिल्याच नोकरीत मोठ्या मोनोरेपोसमोर (एकाच गिट रेपोत अनेक पॅकेजेस) बसवलेल्या मुलामुलींना हे कोणी नीट सांगत नाही. "पीएनपीएम आहे, चेंजसेट्स आहे, होऊन जाईल" एवढ्यावर त्यांची बोळवण होते. पीएनपीएम म्हणजे एनपीएमसारखाच एक पॅकेज मॅनेजर, चेंजसेट्स म्हणजे व्हर्जन्स वाढवणारं टूल. गिट, सेमव्हर आणि पॅकेज जेसन तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहिलंय.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा सापळा आधी. समजा रेपोत 'कोअर' आणि 'यूआय' अशी दोन पॅकेजेस आहेत आणि यूआयच्या पॅकेज जेसनमध्ये कोअरचं व्हर्जन 'वर्कस्पेस:^' असं लिहिलंय. रेपोच्या आत याचा अर्थ एवढाच की रजिस्ट्रीकडे जाऊ नको, शेजारच्या फोल्डरमधलं घे. इन्स्टॉल करताना तशी सिमलिंक (त्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) बनते आणि सगळं सुरळीत चालतं. रेपोबाहेर मात्र या मजकुराला काहीही अर्थ नाही. म्हणून पॅक करताना, म्हणजे रजिस्ट्रीवर जाणारी टारबॉल ही एकच दाबलेली फाइल बनवताना, त्या जागी खरं व्हर्जन यावं लागतं. कोअर १.५.० वर असेल तर 'वर्कस्पेस:^' चं '^१.५.०' होतं, 'वर्कस्पेस:~' चं '~१.५.०' आणि 'वर्कस्पेस:*' चं नुसतं '१.५.०'. हा बदल पीएनपीएम आणि नवं यार्न करून देतात, पण फक्त त्यांच्या स्वतःच्या पॅक किंवा पब्लिश कमांडमध्ये. 'एनपीएम पब्लिश' हा बदल करत नाही. ते पॅकेज जेसन जशी आहे तशी उचलून रजिस्ट्रीवर टाकतं.

रजिस्ट्रीही अडवत नाही. पब्लिश यशस्वी होतं, पॅकेजचं पान दिसतं, टीममध्ये अभिनंदनाचे मेसेज येतात. मग दुसऱ्या टीममधलं कोणीतरी इन्स्टॉल करतं आणि त्यांच्या टर्मिनलवर 'अनसपोर्टेड यूआरएल टाइप वर्कस्पेस' ही एरर येते. तुमच्या मशीनवर ती येणारच नाही, कारण तिथे सिमलिंक आहे. तासन्‌तास शोधूनही दोष सापडत नाही तो यामुळेच: बिघाड कोडमध्ये नसतो, पॅक झालेल्या एका ओळीत असतो.

याच सापळ्याची आणखी दोन रूपं आहेत. पहिलं 'पब्लिश कॉन्फिग'चं. डेव्हलपमेंट सोपी व्हावी म्हणून अनेक रेपोंत 'मेन' आणि 'एक्स्पोर्ट्स' ही फील्ड्स 'एसआरसी'कडे (मूळ कोडकडे) रोखलेली असतात आणि 'डिस्ट'चे (बिल्ड झालेल्या कोडचे) पत्ते पब्लिश कॉन्फिगमध्ये लिहिलेले असतात. पॅक करताना ते पत्ते वर आणून बसवणं ही पीएनपीएमची सोय आहे, एनपीएमची नाही. चुकीच्या कमांडने पब्लिश केलं तर पॅकेज जगासमोर न बिल्ड केलेल्या टाइपस्क्रिप्ट फाइलकडे बोट दाखवत उभं राहतं.

दुसरं रूप जास्त फसवं आहे, कारण इथे कमांड बरोबर असते. पीएनपीएम जे व्हर्जन भरतं ते त्या क्षणी तुमच्या डिस्कवर असलेलं व्हर्जन. रेपोत कोअर १.५.० झालंय, रजिस्ट्रीवर अजून १.४.२ आहे, आणि तुम्ही घाईत एकटं यूआय पब्लिश केलंत. आता यूआय '^१.५.०' मागतंय, जे कुठेच नाही, आणि वापरणाऱ्याला 'नो मॅचिंग व्हर्जन फाउंड' दिसतं. म्हणून फोल्डरमध्ये शिरून एकेक पॅकेज हाताने पब्लिश करू नका. रूटवरून 'पीएनपीएम -आर पब्लिश' चालवा. रजिस्ट्रीवर नसलेली व्हर्जन्स तेवढीच जातात आणि डिपेन्डन्सीच्या क्रमाने जातात. ब्रांच मुख्य नसेल किंवा कमिट न केलेले बदल असतील तर पीएनपीएम थांबवतं. तिथे लगेच '--नो-गिट-चेक्स' लावायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. आधी ते का थांबवतंय ते बघा.

आता तपासणी. दरवेळी करा, अपवाद नाही. बिल्ड करा, पॅकेजच्या फोल्डरमध्ये 'पीएनपीएम पॅक' चालवा, तयार झालेली टीजीझेड फाइल 'टार'ने सोडवा. आतल्या 'पॅकेज' फोल्डरमधली पॅकेज जेसन डोळ्यांनी वाचा आणि 'वर्कस्पेस' हा शब्द शोधा. एकदाही सापडता कामा नये. मग रेपोच्या पूर्ण बाहेर नवा फोल्डर करून टारबॉल तिथे इन्स्टॉल करा आणि एक फंक्शन इम्पोर्ट करून चालवा. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. रेपोच्या आत 'टेस्ट-अ‍ॅप' फोल्डर केला तर नोड वर-वर शोधत रूटच्या नोड-मॉड्यूल्सपर्यंत पोचतं आणि नसलेली डिपेन्डन्सीही सापडते. कोअर आणि यूआय दोन्ही नवीन असतील तर दोन्ही टारबॉल एकाच इन्स्टॉल कमांडला द्या. पॅकेजेस जास्त असतील तर व्हर्डाच्चो ही लोकल रजिस्ट्री पोर्ट ४८७३ वर चालवा आणि आधी तिथे पब्लिश करून बघा.

बाहेरच्या फोल्डरचा आग्रह आणखी एका कारणासाठी. चाळीत साखर संपली तर शेजारून वाटीभर मिळते. विरारला नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर कळतं की घरात डबाच नव्हता. तसंच, एखादी लायब्ररी तुमच्या पॅकेजने स्वतःच्या डिपेन्डन्सीत लिहिलेली नसते, पण रूटवर असल्यामुळे इम्पोर्ट चालतो. पीएनपीएम याबाबत कडक आहे, तरी रूटच्या पॅकेज जेसनमधलं सगळ्यांना दिसतंच. टीएस-कॉन्फिगमधल्या 'पाथ्स'चंही तसंच: टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) ते पत्ते आउटपुटमध्ये बदलत नाही, त्यामुळे '@/युटिल्स' तसाच डिस्टमध्ये जातो आणि बाहेर फुटतो.

टारबॉलमध्ये डिस्टच नाही? बहुतेक वेळा कारण एकच असतं. 'फाइल्स' फील्ड नसेल आणि '.एनपीएमइग्नोर'ही नसेल, तर '.गिटइग्नोर' लागू होतं, आणि डिस्ट त्यात असतंच. 'फाइल्स'मध्ये डिस्ट लिहा, झालं. '@कंपनी/यूआय' अशा स्कोप असलेल्या नावाला पहिल्यांदा '४०२ पेमेंट रिक्वायर्ड' आलं तर घाबरू नका, पैसे भरायचे नाहीत. स्कोप असलेलं पॅकेज मुळात खाजगी धरलं जातं. '--अ‍ॅक्सेस पब्लिक' द्या. 'एक्स्पोर्ट्स'मध्ये 'टाइप्स' सर्वांत वर आणि 'डिफॉल्ट' सर्वांत खाली, कारण तिथे क्रमाला अर्थ आहे. रिअ‍ॅक्ट पीअर डिपेन्डन्सीत (म्हणजे वापरणाऱ्या अॅपचीच प्रत घ्यायची) ठेवा, नाहीतर दोन प्रती येऊन 'इनव्हॅलिड हुक कॉल' मिळेल.

टोकनबद्दल, म्हणजे पब्लिश करायची परवानगी देणाऱ्या गुप्त किल्लीबद्दल, स्पष्ट मत: सिनिअरने स्वतःचं टोकन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर घेऊ नका, तो कितीही प्रेमाने देत असला तरी. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारखी जगभर वापरली जाणारी पॅकेजेस एका फिशिंग मेलमुळे दूषित झाली, आणि त्याच महिन्यात शाई-हुलूद वर्म (स्वतःहून पसरणारा घातक कोड) चोरलेल्या टोकनांवर पसरला. ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा, म्हणजे कायमचं टोकन न ठेवता सीआयमधूनच पब्लिश होतं. सीआयच्या जॉबला 'आयडी-टोकन: राइट' परवानगी द्या आणि एनपीएम ११.५.१ किंवा पुढचं ठेवा. पॅकेज जेसनच्या 'रिपॉझिटरी'मध्ये खरा पत्ता आणि 'डिरेक्टरी' भरा. वर्कस्पेसचा प्रश्न इथेही आहेच. पीएनपीएमने टारबॉल बनवून तो टारबॉल एनपीएमने पब्लिश करणं ही जोडी व्यवस्थित चालते.

एवढं करूनही कधीतरी चुकीचं व्हर्जन जाईल. जाऊ दे. शुक्रवारी संध्याकाळी ते झालं तर पहिली ऊर्मी अनपब्लिशची येते; ती आवरा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतल्यावर असंख्य बिल्ड्स एकदम मोडले, आणि त्यानंतर नियम कडक झाले. आता ७२ तासांच्या आत आणि दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तरच सहज काढता येतं. काढलं तरी तो व्हर्जन नंबर पुन्हा कधीच वापरता येत नाही. त्यापेक्षा सरळ पुढे जा. १.५.० बिघडलं तर दुरुस्त करून १.५.१ पब्लिश करा, मग 'एनपीएम डेप्रिकेट' चालवून १.५.० वर 'हे वापरू नका, १.५.१ घ्या' असा संदेश लावा. 'लेटेस्ट' टॅग आपोआप १.५.१ वर सरकतो, त्यामुळे नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला बिघाड दिसतही नाही. फक्त 'बीटा' व्हर्जन सोडताना किंवा २.० आल्यावर जुन्या १.९ ला पॅच देताना '--टॅग' स्वतः लिहा, नाहीतर जुनं एनपीएम त्यालाच 'लेटेस्ट' करून टाकतं. नवं एनपीएम, म्हणजे ११ पासून पुढचं, अशा वेळी टॅग मागून थांबतं.