कळप मोठा, पण रक्त एकच: पैदाशीतल्या या चुका टाळा

उबवायला ठेवलेल्या अंड्यांतून पूर्वीपेक्षा कमी पिल्ले निघतात. करडे जन्मतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून अशक्त निघायला लागतात. गाभण ठरलेली गाय काही महिन्यांनी रिकामी निघते. अशा वेळी पहिला संशय खाद्यावर, मग अंडी उबवण्याच्या मशीनवर, मग रोगावर जातो. तो तपासायलाच हवा. पण खाद्य बदलले, लसी दिल्या, तरी दर पिढीला कळपाची तब्येत उतरतच चालली असेल, तर पैदाशीची वही उघडून बघा. बऱ्याचदा तिथे एकाच नराचे नाव पानोपानी सापडते.

मोजणी माद्यांची, नुकसान नरामुळे

"माझ्याकडे शंभर माद्या आहेत, मला विविधतेची काय काळजी?" या समजुतीने जितके कळप पोखरले तितके दुसऱ्या कशानेच नसतील. प्रत्येक पिल्लाची निम्मी जनुके बापाकडून येतात. बाप एकच असेल, तर पुढच्या पिढीची निम्मी जनुके एकाच जनावराची झाली, मग माद्या कितीही असोत.

हिशेब सोपा आहे. पैदाशीतल्या नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येने गुणा, आलेल्या आकड्याची चौपट करा आणि नर-माद्यांच्या एकूण संख्येने भागा. येणाऱ्या आकड्याला प्रभावी संख्या म्हणतात. १ कोंबडा आणि २० कोंबड्या असतील तर उत्तर येते ३.८. डोळ्यांना २१ पक्षी दिसतात, पण जनुकांच्या हिशेबाने कळप जेमतेम चारांचा. आता कोंबड्या २० च्या १०० करा. उत्तर ३.९६. ऐंशी कोंबड्या वाढवल्या आणि पदरात काहीच पडले नाही. उलट त्याच २० कोंबड्यांत १ ऐवजी ५ कोंबडे ठेवले, तर आकडा थेट १६ वर जातो.

दुप्पट प्रभावी संख्येने १ ला भागले की दर पिढीला इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, किती वाढते ते कळते. एका कोंबड्याच्या कळपात ही वाढ पिढीमागे सुमारे १३ टक्के होते, म्हणजे सावत्र भावंडांचे मीलन लावल्यासारखेच. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना पिढीमागे १ टक्क्याच्या वर जाऊ नका, असे सांगते. त्यासाठी प्रभावी संख्या किमान ५० हवी. ७५ माद्यांबरोबर १५ नर ठेवले की ती बरोबर ५० भरते. घरच्या छोट्या कळपाला एवढे नर परवडणार नाहीत, हे खरे. म्हणूनच शेजारच्या पाळणाऱ्यांशी नरांची अदलाबदल हवी. मी तर तिला लसीकरणाइतकेच महत्त्व देईन.

मोठ्या संख्येने सुद्धा किती फसगत होते, याचा सगळ्यात मोठा दाखला होल्स्टीन गाईंचा. जगभर कोट्यवधींच्या घरात असलेली ही जात. पण उत्तर अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या होल्स्टीन वळूंची बापाकडून बापाकडे जाणारी रेषा १९६० च्या दशकातल्या दोनच वळूंपाशी पोचते: चीफ आणि एलिव्हेशन. चीफ १९६२ चा. त्याच्या मुली सुमारे १६,००० आणि नाती ५ लाखांच्या आसपास. दूध भरपूर, पण एपाफ-१ नावाच्या जनुकातला एक दोषही तो बरोबर घेऊन आला होता. दोष एकाच बाजूने आला तर काहीच दिसत नाही. आई आणि बाप दोन्हींकडून आला तर वासरू पोटातच मरते. चीफचे वंशज एकमेकांशी जुळायला लागले तशा गाई गाभडू लागल्या. कारण सापडेपर्यंत जगभरात अंदाजे ५ लाख गर्भ गेले. यात चीफचा दोष नाही. असे एखाद-दोन दोष प्रत्येक जनावरात दडलेले असतात. एकाच जनावराला सगळ्या कळपाचा आजोबा केल्यामुळे ते उघडे पडतात.

मशीनला दोष देण्याआधी

सातव्या दिवशी अंडे उजेडासमोर धरा. आत काहीच नसेल, नुसता पिवळा उजेड दिसत असेल, तर अंडे बहुधा फळलेलेच नाही, कोंबडा तपासा. रक्ताचे गोल कडे दिसले तर गर्भ धरला होता आणि लवकर मेला. पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मेले असेल, तर आधी दमटपणा आणि हवा बघा. खात्री करायची तर त्याच मशीनमध्ये, त्याच दिवशी, दुसऱ्या कळपाची थोडी अंडी खुणा करून ठेवा. ती व्यवस्थित फुटली आणि तुमचीच राहिली, तर दुखणे मशीनचे नाही.

आखूड पायांच्या कोंबड्यांत ही फसगत नेहमीची. आखूड पाय देणारे जनुक दोन्हीकडून आले तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांच्याच कोंबड्या ठेवल्या की फळलेल्या अंड्यांपैकी सुमारे पाव अंडी हमखास वाया जातात. एका बाजूला साध्या पायांचा जोडीदार द्या. पिल्ले निम्मी आखूड, निम्मी साधी निघतील, पण या कारणाने एकही मरणार नाही.

शेळ्यांत हीच गोष्ट शिंगांची. जन्मतः बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळ्यांवर सोडला की काही पाटी (मादी करडे) नर-मादी मिश्र लक्षणांच्या निघतात. त्या माजावर येत नाहीत, योनीच्या खालच्या टोकाला लहानशी गाठ दिसते, आणि पाळणारा महिनोन्महिने त्यांना भाकड समजून औषधे देत राहतो. बिनशिंगीपणाचे जनुक दोन्हीकडून मिळालेल्या मादीत हे होते आणि त्यावर औषध नाही. जोडीतला एक शिंगाचा ठेवणे एवढाच उपाय. ज्याची शिंगे लहानपणी डागून काढली तो इथे शिंगाचाच धरायचा, हे विसरू नका.

संकराचा पहिला नर पैदाशीला ठेवणे

दोन जातींच्या पहिल्या संकरातली जनावरे जोमदार असतात, म्हणून त्यांच्यातलाच सर्वांत उमदा नर पुढच्या पैदाशीला ठेवण्याचा मोह होतो. पण त्या संकरित भावंडांची आपसात पैदास केली, की पुढच्या पिढीत तो जोम निम्म्यावर येतो आणि गुणही विस्कळीत होतात: कुणात आजीचे, कुणात आजोबांचे. कंपनीच्या संकरित अंड्यांच्या कोंबड्यांपासून घरीच पिल्ले काढणाऱ्यांची निराशा होते ती याचमुळे. संकर हवा असेल तर दोन्ही मूळ जाती शुद्ध राखणारे कळप कुठेतरी टिकलेच पाहिजेत. ते संपले तर संकर करायला उरणार काय?

"चिलिंगहॅमच्या गाईंना काही झाले का?"

इनब्रीडिंगचा विषय निघाला की हे उदाहरण पुढे येते. इंग्लंडच्या उत्तरेतला हा पांढऱ्या रानटी गाईंचा कळप तीनशेहून अधिक वर्षे बाहेरच्या रक्ताशिवाय टिकला आहे. १९४६-४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तो १३ वर आला आणि तरी सावरला. उदाहरण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. बाहेरच्या रक्ताला असे बंद असलेले कितीतरी कळप नामशेष झाले, ते आज दाखवायला कुणी नाही. शिवाय चिलिंगहॅममध्येही १३ चे ३ झाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

रेत गोठवले म्हणजे जात वाचली, असे समजणे

रेत गोठवून ठेवणे फार मोलाचे आहे. होल्स्टीनच्या हरवलेल्या नररेषा अमेरिकेत जुन्या रेतमात्रांतूनच परत आणल्या गेल्या. पण मादी उरली नसेल तर नुसत्या रेताने जात परत उभी करायला दुसऱ्या जातीच्या मादीपासून सुरुवात करावी लागते. पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, चौथ्या पिढीला कुठे सुमारे ९४. आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) वारसा तर कधीच परत येत नाही. कोंबड्यांत आणखी एक अडचण: मादीपण ठरवणारे डब्ल्यू गुणसूत्र फक्त आईकडून मुलीला मिळते, कोंबड्याच्या रेतात ते नसतेच. न्यूझीलंडच्या एंडर्बी बेटावरच्या गुरांचे रेत साठवलेले होते, पण गाय एकच राहिली. अखेर १९९८ मध्ये तिचा क्लोन, म्हणजे तिच्याच पेशीपासून तिच्यासारखीच दुसरी गाय, करावा लागला. माद्या जिवंत आहेत तोवरच जागे व्हा.

रंगावरून शुद्धता ठरवणे

एका ठरावीक रंगाचीच जनावरे ठेवून बाकीची काढून टाकली की रंगाबरोबर न दिसणारे गुणही जातात. उघड्या मानेच्या कोंबड्या कुरूप म्हणून काढल्या जातात, पण पिसे कमी असल्याने उष्ण हवेत त्याच तग धरतात. शिवाय मुळात शंभर टक्के शुद्ध असे काही नसतेच. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, तरी तिच्या पायांची आणि कातडीची पिवळी छटा राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये दिसून आले.

आणि गरज पडली तर रानातल्या पूर्वजांकडे जाऊ, ही आशाही ठेवू नका. गाईंचा पूर्वज ऑरॉक्स, त्यातली शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडच्या जंगलात मेली. लाल रानकोंबडा आहे, पण गावाजवळच्या रानात त्याच्यात पाळीव कोंबड्यांचे रक्त मिसळत चालले आहे. पाळीव कोंबड्या रानात सोडू नका.

आहे त्या कळपात काय करता येईल

कळपाचे किमान तीन गट पाडा. पहिल्या गटातले निवडलेले नर दर पिढीला दुसऱ्या गटात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. माद्या आपल्याच गटात राहतात. मग कुठल्याही तलंगेवर (तरुण कोंबडीवर) तिचा बाप किंवा भाऊ येत नाही. फिरवण्याची दिशा भिंतीवर लिहून ठेवा, कारण एका वर्षी उलटी फिरली की वर्षानुवर्षांची मेहनत जाते. प्रत्येक नराचा शक्यतो एक मुलगा आणि प्रत्येक मादीची एक मुलगी पुढे ठेवा. सगळ्यांचा वाटा असा सारखा पडला, तर आहे त्याच संख्येत प्रभावी संख्या वाढते: नर-माद्या सारख्याच असतील तर जवळपास दुप्पट, नर कमी असतील तर त्याहून कमी. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे, जनावरांच्या कानात बिल्ला, आणि वहीत चार रकाने: क्रमांक, आई, बाप, जन्मतारीख.